हनुवटीखालची चरबी 'विरघळवणारं' इंजेक्शन: कोणी घेतलंय का?

रेवती_डोंबिवली

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात शोधलं, पण या विषयावर धागा सापडला नाही, म्हणून नवा काढतेय.

भाचीचं लग्न मार्गशीर्षात आहे. पुण्यात नोकरी करते, अंगाने बारीक, पण हनुवटीखाली थोडी चरबी आहे. आमच्या माहेरच्या सगळ्यांनाच आहे, आजीच्या पासपोर्ट फोटोतही दिसते. साखरपुड्याचे फोटो आल्यापासून पोरीने डबल चिनचा धसकाच घेतलाय. तिच्या नेहमीच्या पार्लरमध्ये 'फॅट डिझॉल्व्ह'ची इंजेक्शनं देतात. माल कोरियाचा, कापाकापी नाही, भूल नाही, जेवणाच्या सुट्टीत येऊन जा म्हणतात. चार सिटिंगचं पॅकेज २२ हजार, त्यातले ५ हजार भरूनही झालेत. पूर्ण पॅकेज घेतलं तर दंडांचं एक सिटिंग फुकट!

ताई (तिची आई) म्हणते, हल्ली सगळेच करतात, तू उगाच घाबरवू नकोस. मला मात्र गळ्याजवळ सुया टोचून घेणं पटत नाहीये. या औषधात नक्की असतं काय? इथे कोणी घेतलंय का? नेटवर एकीकडे दिसतं की अमेरिकेत मान्यता आहे, दुसरीकडे दिसतं की अमेरिकेनेच सावध केलंय. खरं काय धरायचं?

सदाफुली

पार्लर आणि इंजेक्शन एका वाक्यात आले की माझ्यापुरता विषय संपतो. थ्रेडिंग करणाऱ्या हाताने थ्रेडिंगच करावं.

रंकाळ्याचा_राजू

हे ते मौंजारोच ना? आमच्या साहेबांनी घेतलं, सहा महिन्यांत पँटी ढगळ झाल्या. जेवणावरची वासना उडते म्हणे. कोल्हापुरात राहून ती उडवून घ्यायला वर पैसे कोण देईल, हा वेगळा प्रश्न.

डॉ_निशिगंध

राजू, नाही. मौंजारो (टिर्झेपटाइड) आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोव्ही (सेमाग्लुटाइड) त्याच वर्षी जूनमध्ये. ती पोटाच्या कातडीखाली टोचतात, पण काम करतात भुकेवर, पचनावर, साखरेवर, म्हणजे सगळ्या शरीरावर. वजन उतरतं. रेवतीताई विचारतायत ते जिथे टोचलं तिथल्याच चरबीच्या पेशी मारणारं औषध. वजनकाट्यावर त्याचा काही फरक दिसत नाही. दोघांना 'फॅटचं इंजेक्शन' म्हणतात म्हणून गोंधळ होतो आणि पार्लरवाल्यांना तो हवाच असतो.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, नाशिकला प्रॅक्टिस. ताई, तुम्ही वाचलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त त्या दोन वेगळ्या मालांबद्दल आहेत.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने (बांद्र्याचं आपलं महाराष्ट्राचं एफडीए वेगळं) एप्रिल २०१५ मध्ये 'कायबेला' नावाच्या इंजेक्शनला मान्यता दिली. त्यात असतं डीऑक्सिकोलिक अ‍ॅसिड. हे मुळात पित्तातलं आम्ल, आपल्या आतड्यातले जिवाणू ते तयार करतात आणि खाल्लेल्या तेलातुपाचे बारीक कण करायला ते मदत करतं. तेच प्रयोगशाळेत बनवून कातडीखालच्या चरबीत टोचलं की पेशीचं आवरण फुटतं. पेशी मेली की शरीराच्या सफाई कामगार पेशी पुढचे काही आठवडे तो मलबा उचलत बसतात. सूज येते ती त्यामुळेच.

आता यातली मेख. हे आम्ल चरबीची पेशी ओळखून मारत नाही. समोर येईल तिचं आवरण फोडतं. स्नायू, कातडी यांत प्रथिनं भरपूर असल्याने तिथे त्याची धार कमी पडते, पण सुई चुकीच्या थरात गेली तर कातडीला व्रण पडतात, कातडी मरतेसुद्धा. जबड्याच्या कडेने एक बारीक नस जाते, खालचा ओठ ओढणारी. तिला धक्का लागला की हसू वाकडं होतं. मान्यतेसाठी झालेल्या चाचण्यांत १०० पैकी ४ जणांना हे झालं. सगळ्यांचं भरून आलं, पण निम्म्या लोकांना सहा आठवड्यांहून जास्त लागले आणि एखाद्याला कित्येक महिने. गिळायला त्रास १०० पैकी दोघांना. सूज ८७ जणांना, काळंनिळं ७२ जणांना.

आणि ही अशा ठिकाणची आकडेवारी आहे जिथे औषध अस्सल होतं, टोचणारे प्रशिक्षित डॉक्टर होते आणि कुठे टोचायचं नाही याची रेघ आधी आखलेली होती. पार्लरमधली आकडेवारी कोणी ठेवतच नाही.

मान्यता फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी, फक्त प्रौढांसाठी. दंड, पोट, मांड्या यांसाठी नाही. कंपनीच्या पत्रकातच लिहिलंय की इतरत्र वापराची शिफारस नाही. तेव्हा ते 'दंड फुकट' आधी बाजूला ठेवा.

सुमा_सॅन_होजे

मी घेतलंय, कायबेलाच, इथे कॅलिफोर्नियात, प्लास्टिक सर्जनकडे. कोणी विचारलं नाही तरी सांगते कारण जाहिरातीत यातलं काही नसतं.

आधी त्यांनी बोटांनी मान नीट चाचपली, थुंकी गिळायला लावली, थायरॉइडबद्दल विचारलं, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का ते विचारलं. मग हनुवटीखाली एक टॅटूसारखा कागद चिकटवला, लहान मुलं पाण्याने लावतात तसा. त्यावर ठिपक्यांची जाळी, दोन ठिपक्यांत एक सेंटिमीटर अंतर. दर ठिपक्यावर एक टोचणी, प्रत्येक वेळी अगदी थेंबभर. जबड्याखाली पेनाने रेघ मारून 'याच्या वर जाणार नाही' असं नर्सला मोठ्याने सांगितलं.

टोचताना फारसं नाही, पण नंतरची दहा-पंधरा मिनिटं जी आग होते! दुसऱ्या दिवशी आरशात पाहिलं तर दोन्हीकडून गालगुंड झाल्यासारखा गळा. ऑफिसात स्कार्फ. बधिरता तर कितीतरी आठवडे होती, चष्म्याची दोरी लागली तरी कळायचं नाही. पुढे सूज उतरल्यावर आत कडक गाठीसारखं लागत होतं, तेही हळूहळू गेलं.

फरक पडला का? पडला, थोडा. मला दिसतो, नवऱ्याला दाखवावा लागतो. सहापर्यंत सिटिंग करता येतात, दोघांत किमान महिन्याचं अंतर. मी मधेच थांबले कारण दर वेळी हजार डॉलरच्या वर जात होते आणि दर वेळी तो गळा घेऊन फिरायचा कंटाळा आला. पस्तावा नाही, पण कोणी 'लंच ब्रेकमध्ये उरकतं' म्हणालं की हसू येतं.

लग्नाआधी मात्र नको गं रेवती. हळदीच्या फोटोत सूज आली तर?

डॉ_निशिगंध

सुमाताईंनी 'थोडा फरक' म्हटलंय ते चाचण्यांशीही जुळतं. दोन मोठ्या चाचण्या झाल्या, मिळून हजारावर लोक. चरबीच्या मोजपट्टीवर एक पायरी सुधारणा साधारण ६८ टक्के लोकांत दिसली, नुसतं खारं पाणी टोचलेल्यांतही सुमारे २० टक्के. दोन पायऱ्यांची, म्हणजे आत्याबाईंच्याही लक्षात येईल अशी सुधारणा, १६ टक्क्यांत. जाहिरातीतले आधी-नंतरचे फोटो या १६ मधले असतात.

औषधालय_गल्ली

मी फार्मासिस्ट. थोडा इतिहास सांगतो, कारण 'कोरियाचा माल' कुठून उगवला ते त्याशिवाय कळत नाही.

सोयाबीनपासून काढलेलं फॉस्फॅटिडिलकोलीन नावाचं द्रव्य असतं. 'लिपोस्टॅबिल' नावाने त्याचं शिरेतून द्यायचं इंजेक्शन फार जुनं आहे, चेहऱ्याशी त्याचा काही संबंध नव्हता. साओ पावलोच्या त्वचारोगतज्ज्ञ पॅट्रिशिया रिटेस यांनी ते डोळ्यांखालच्या चरबीच्या पिशव्यांत टोचून पाहिलं आणि २००१ मध्ये प्रसिद्ध केलं. झालं, ब्राझीलपासून युरोप-अमेरिकेपर्यंत 'लिपोडिझॉल्व्ह'ची लाट आली. ब्राझीलच्या नियामकाने पुढे सौंदर्यासाठीच्या वापरावर बंदी घातली. २००४ मध्ये कॅलिफोर्नियात रोटुंडा, कोलॉडनी वगैरे संशोधकांनी तपासलं तर गंमत निघाली. पेशी मारायचं काम मुख्यतः फॉस्फॅटिडिलकोलीन करतच नव्हतं. ते पाण्यात मिसळावं म्हणून जे डीऑक्सिकोलेट घातलं होतं तेच पेशी फोडत होतं. म्हणजे इतकी वर्षं जग ज्याला औषध समजत होतं ते फक्त सोबतीला होतं!

तिथून दोन वाटा फुटल्या. एका कंपनीने शुद्ध डीऑक्सिकोलिक अ‍ॅसिड घेतलं, वर्षानुवर्षं चाचण्या केल्या, कायबेला आलं. दुसरी वाट मिश्रणांची. हे थोडं, ते थोडं, जीवनसत्त्व, वनस्पतींचे अर्क, आणि 'मेसोथेरपी' किंवा 'लिपोलिसिस' असं नाव. बाजारातल्या बहुतेक बाटल्या दुसऱ्या वाटेच्या आणि जाहिरातीत दाखला पहिल्या वाटेचा. अमेरिकी एफडीएने २०१० मध्ये सहा मेडिकल स्पांना असल्या दाव्यांबद्दल नोटिसा दिल्या. २०२३ मध्ये नावं घेऊन सावध केलं: अ‍ॅक्वालिक्स, लिपोडिझॉल्व्ह, लिपो लॅब, काबेलिन. कायमचे व्रण, गंभीर जंतुसंसर्ग, कातडीला खड्डे, द्रव भरलेल्या गाठी, खोल दुखऱ्या गाठी अशा तक्रारी आल्या होत्या.

रेवतीताई, भाचीला सांगा पार्लरमधून बाटलीचा आणि खोक्याचा फोटो मागून घे. देणार नाहीत. दिला तर इथे टाका.

रोखठोक

झाली का सगळ्यांची भीती घालून? माझ्या बायकोच्या दोन मैत्रिणींनी घेतलंय, ठाण्यात, असल्याच ठिकाणी, दोघी ठणठणीत. डॉक्टर लोक म्हणणारच पार्लर नको, त्यांचं गिऱ्हाईक जातं. एक सिटिंग पार्लरमध्ये साडेपाच हजार आणि स्किन क्लिनिकमध्ये विचारलं तर तिप्पट. मध्यमवर्गीय माणसाने हौस करूच नये का?

डॉ_निशिगंध

करावी की. फक्त डॉक्टरांवरचा राग स्वतःच्या गळ्यावर काढू नये :)

गिऱ्हाइकाचं म्हणाल तर उलट आहे. पार्लरमध्ये बिघडलेलं निस्तरायला जे येतात त्यांच्याकडून मला जास्त पैसे मिळतात. आणि 'ठणठणीत' कधी बघितलं? दुसऱ्या आठवड्यात बरं असणं म्हणजे सुटलो असं नव्हे. अस्वच्छ इंजेक्शनमधून जो जंतू सगळ्यात जास्त छळतो तो आरामात येतो. क्षयाच्या जंतूच्या भावकीतला, पण क्षय न करणारा. पाण्यात, नळात, नीट न उकळलेल्या उपकरणांवर असतो. दोन आठवड्यांनी येतो, कधी दोन महिन्यांनी. २००५ च्या सुरुवातीला वॉशिंग्टनच्या परिसरात मेसोथेरपीच्या इंजेक्शनांनंतर कातडीच्या तक्रारींचा उद्रेक झाला होता आणि अमेरिकेच्या साथरोग खात्याने त्यावर अहवाल काढला. आपल्या सर्जन लोकांना हा जंतू चांगला ठाऊक आहे, दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर टाक्यांच्या जागी वाहत राहणाऱ्या जखमा आठवा.

अनामिका_म

नेहमी नुसती वाचते, आज लिहिते.

मी पोटावर घेतली होती. पार्लर नव्हतं, पाटीवर 'क्लिनिक' होतं, पांढरा कोट होता. कोट घातलेली मुलगी डॉक्टर नव्हती हे नंतर कळलं. शहराचं, ठिकाणाचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे.

पहिले दिवस सूज आली, म्हणाले चांगलं लक्षण आहे. ती उतरली. साधारण महिन्याने बेंबीच्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ लागली, मग तिच्या शेजारी दुसरी, मग जिथे जिथे सुई गेली होती तिथे तिथे रांगेने. जांभळट रंग. दाबलं तर दुखायचं, ताप नाही. त्या ठिकाणी गेले तर म्हणाले चरबी सुटतेय, मसाज करा. मसाज केला आणि एक फुटली. पातळ पाण्यासारखा पू, बंदच होईना.

फॅमिली डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिक दिलं. पू तपासायला पाठवला, 'जंतू वाढले नाहीत' असा रिपोर्ट. एका ठिकाणी टीबीची औषधं चालू करू म्हणाले. शेवटी एका सरकारी रुग्णालयातल्या मॅडमनी गाठीचा तुकडा काढून वेगळ्या कल्चरला पाठवला, तेव्हा डॉक्टर वर म्हणतायत तोच जंतू निघाला. मग दोन-दोन गोळ्या, काही दिवस हाताच्या शिरेतून इंजेक्शन, कित्येक महिने. तोंडाला कायम कडू चव. आता पोटावर खड्डे आहेत, काळे डाग आहेत. साडी नेसताना निरी वर खोचते.

पावती मागितली होती तेव्हा त्यांनी 'स्किन ट्रीटमेंट' एवढंच लिहून दिलं. आता वकील विचारतात कुठलं औषध टोचलं याचा पुरावा काय. नाही माझ्याकडे.

सदाफुली

अनामिका, वाचून काटा आला अंगावर. लिहिल्याबद्दल आभार, सोपं नसणार.

डॉ_निशिगंध

अनामिकाताई, तुमच्यामुळे एक गोष्ट स्पष्ट लिहिता येते. असं कोणाचं झालं तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा की इथे इंजेक्शन घेतलं होतं. लोक लाजेने लपवतात आणि महिने फुकट जातात. नेहमीचं पू-कल्चर दोन दिवसांत संपवतात, त्यात हा जंतू सापडत नाही. प्रयोगशाळेला 'एएफबी कल्चर' (क्षयाच्या भावकीतल्या जंतूंसाठीचं) असं वेगळं सांगावं लागतं आणि शक्यतो गाठीचा तुकडा द्यावा लागतो. अंदाजाने टीबीची औषधं सुरू करणं ही नेहमीची चूक, त्यातली बरीचशी औषधं या जंतूला लागूच पडत नाहीत. आणि गाठ दाबू नये, मसाज तर नकोच.

रोखठोक

अनामिका यांच्याबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण हे पोटावरचं आणि बोगस माणसाने दिलेलं. हनुवटीचं डॉक्टरकडे घेतलं तर चालतं असंच म्हणणं आहे ना सगळ्यांचं? मग धाग्याचं नाव बदला.

औषधालय_गल्ली

डॉक्टरकडे, आणि बाटलीत काय आहे ते माहीत असताना. दोन्ही. एमडी माणसानेही सुटकेसमधून आलेली बाटली टोचली तर ती बाटली काही पवित्र होत नाही.

रेवती_डोंबिवली

फोटो मिळाला! पार्लरवालीने बिनधास्त पाठवला, उलट 'बघा किती ओरिजिनल' म्हणाली. इथे चढवता येत नाहीये, वर्णन करते. पिवळसर द्रवाची काचेची बाटली, १० मिली. खोक्यावर कोरियन अक्षरं, मधे इंग्रजीत नाव आणि 'सोल्यूशन'. मागे घटक: ब्रोमेलेन, लेसिथिन, रायबोफ्लेविन, आणखी काही अर्क. टक्केवारी कुठल्याच घटकाची नाही. डीऑक्सिकोलिक कुठे दिसत नाही. एक्स्पायरीवर पांढरा स्टिकर आणि त्यावर नवी तारीख. किमतीची चिठ्ठी नाही. हो, आणि एका बाटलीत 'दोन-तीन क्लायंट होतात' असं तिने व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलंय.

औषधालय_गल्ली

शेवटचं वाक्य सगळ्यात भयंकर आहे. त्यानंतर लेबल वाचायचीही गरज नाही, तरी वाचू.

परदेशातून रीतसर आलेल्या औषधावर भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता आणि आयात परवान्याचा क्रमांक असतो. किंमत छापलेली असते. डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायचं असेल तर तसा इशारा इंग्रजीत असतो. यातलं काहीच नाही म्हणजे हा माल औषध म्हणून देशात आलेलाच नाही. कोणाच्या तरी बॅगेतून किंवा कुरियरने 'कॉस्मेटिक' म्हणून आला असणार.

घटकांचं बघा. ब्रोमेलेन अननसातलं, प्रथिनं तोडतं. ज्यांना अननसाची अ‍ॅलर्जी आहे त्यांना ते थेट कातडीखाली टोचणं म्हणजे काय होईल सांगायला नको. लेसिथिन म्हणजे वर सांगितलेल्या सोया द्रव्याचंच कच्चं रूप. रायबोफ्लेविन म्हणजे बी-टू जीवनसत्त्व, पिवळा रंग त्याचाच. हे मिश्रण चरबी कमी करतं हे कायबेलासारख्या चाचण्यांनी कोणी दाखवलेलं नाही. खाण्याच्या घटकांची यादी दिली की लोकांना वाटतं नैसर्गिक आहे, काय होणार. पोटात जाणं वेगळं आणि सुईने आत जाणं वेगळं. पोटात आम्ल आहे, आतडं आहे, यकृत आहे. सुई या सगळ्यांना वळसा घालते.

तारखेवर स्टिकर चिकटवलेला असेल तर बाटली कुठे, किती तापमानात, किती दिवस पडून होती हे देवालाच माहीत.

रंकाळ्याचा_राजू

एका बाटलीत तीन गिऱ्हाइकं. आमच्याकडे चहाचं कटिंगसुद्धा वेगळ्या ग्लासात देतात.

पळसाची_पानं

मला वेगळं विचारायचंय. मग बाकीचे पर्याय सुरक्षित आहेत का? गोठवून चरबी घालवतात ते मशीन? त्यात सुई नसते.

डॉ_निशिगंध

क्रायोलिपोलिसिस. त्यात जंतुसंसर्गाचा धोका जवळजवळ नाही, पण त्याचं स्वतःचं एक विचित्र दुखणं आहे. क्वचित एखाद्याची गोठवलेली चरबी कमी व्हायच्या ऐवजी वाढते आणि घट्ट होते, मशीनच्या पट्टीच्याच आकारात. कॅनडाची सुपरमॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा हिने २०२१ मध्ये स्वतःचं उदाहरण जाहीर केलं, कंपनीवर पाच कोटी डॉलरचा दावा लावला, २०२२ मध्ये तडजोड झाली. ती वाढलेली चरबी मग शस्त्रक्रियेने काढावी लागते, म्हणजे जी टाळायची होती तीच.

हनुवटीखालच्या चरबीसाठी लहानसं लायपोसक्शनही असतं. शस्त्रक्रियाच ती, तिचे धोके आहेत, पण एकदाच होते, आणि पात्र रुग्णात फरक इंजेक्शनपेक्षा ठळक दिसतो. 'बिनशस्त्रक्रियेचं' म्हणजे 'बिनधोक्याचं' हे समीकरण कोणी तयार केलं कोण जाणे.

पण त्याच्याही आधी एक पायरी असते आणि पार्लर ती घेत नाही: ही चरबीच आहे का? सुमाताईंच्या सर्जननी मान का चाचपली? कारण थायरॉइड वाढलेला असला, गाठी असल्या, लाळग्रंथी खाली उतरलेली असली तरी गळा भरलेला दिसतो. जबडा मागे असला की चरबी नसतानाही डबल चिन दिसते. कातडी सैल असेल तर खालची चरबी घालवून ती आणखी लोंबते. यातल्या एकालाही हे इंजेक्शन उपयोगाचं नाही. रेवतीताई, घराण्यात सगळ्यांनाच आहे म्हणालात. घराण्यात थायरॉइड आहे का?

रेवती_डोंबिवली

आईला होता, ताईलाही गोळी चालू आहे. हे डोक्यातच आलं नव्हतं.

डॉ_निशिगंध

मग भाचीला आधी साध्या फिजिशियनकडे पाठवा. मान तपासतील, गरज वाटली तर रक्ताची तपासणी सांगतील. शे-दोनशे रुपयांपासून होते. लग्नाला अडीच महिने असताना मी माझ्या पेशंटला अस्सल औषधही देणार नाही. महिन्याच्या अंतराने दोन सिटिंग होतात न होतात आणि दुसरीची बधिरता, गाठी घेऊन मुलगी बोहल्यावर चढते. फोटोग्राफरला कॅमेरा डोळ्यांच्या थोडा वर धरायला सांगा. चेष्टा नाही, तेवढ्याने सगळ्यात जास्त फरक पडतो.

तारीख_पे_तारीख

वकील आहे, थोडं माझ्या बाजूचं. डॉक्टर नोंदणीकृत आहे का हे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नावाने किंवा क्रमांकाने बघता येतं. नोंदणी नसताना उपचार करणाऱ्यांवर महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ च्या कलम ३३ खाली गुन्हा दाखल होतो. आगाऊ रक्कम परत मिळत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथे तक्रार फुकट नोंदवता येते, बऱ्याचदा समोरचा तेवढ्यानेच जागा होतो.

अनामिका यांच्या बाबतीत जे झालं ते टाळायचं असेल तर कुठलंही इंजेक्शन घेण्याआधी बाटलीचं नाव, बॅच क्रमांक आणि टोचणाऱ्याचं नाव पावतीवर लिहून घ्या. जो लिहून द्यायला कां-कू करेल त्याच्याकडून उठून या. सहीसाठी पुढे करतात तो इंग्रजी फॉर्म वाचल्याशिवाय सही नको. आणि सही केली म्हणजे सगळे हक्क गेले असंही नाही. निष्काळजीपणाला संमती देता येत नाही.

रेवती_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. अनामिकाचा प्रतिसाद भाचीला वाचायला दिला, ताईलाही. ताई काही बोलली नाही, पण काल स्वतःच डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टरांनी मान चाचपून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) सांगितलंय, रिपोर्ट सोमवारी येईल.

पार्लरवाली म्हणते पैसे परत नाहीत, हवं तर नवरीच्या मेकअपमध्ये वळते करून देते. भाची तयार आहे, मेकअप चांगला करते म्हणे. मी १९१५ ला लावायचं म्हणत होते, ताई म्हणते लग्नघरात कटकट नको. सोडून द्यावं झालं.

औषधालय_गल्ली

५ हजार सोडा हो, तो तुमचा प्रश्न. पण ती बाटली तिथेच आहे आणि तुमच्या भाचीने नाही घेतली तर शनिवारी दुसरी कोणी घेणार आहे. तुमच्याकडे फोटो आहे, व्हॉइस मेसेज आहे, पाच हजारांची पावती आहे. इतकं कोणाकडेच नसतं. पुण्याच्या अन्न व औषध प्रशासनात सहायक आयुक्त (औषधे) यांच्या नावे अर्ज करा, बाटलीचं नाव, बॅच, पार्लरचा पत्ता. औषध निरीक्षक जाऊन माल ताब्यात घेऊ शकतो.

अनामिकाताई, तुम्हालाही: औषधाच्या दुष्परिणामांची नोंद करायला १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री क्रमांक आहे, रुग्ण स्वतः करू शकतो. कोर्टातला पुरावा म्हणून नाही, पण कुठेतरी मोजलं तरी जाईल.

रेवती_डोंबिवली

पावतीवर माझ्या भाचीचं नाव आहे, तेवढं एक अडतंय. मेकअप तिच्याकडेच करायचाय ना. अर्ज माझ्या नावाने केला तर चालतो का?

तारीख_पे_तारीख

चालतो. पावती जोडू नका, फोटो आणि व्हॉइस मेसेज पुरेत. नाव गुप्त ठेवावं अशी विनंती अर्जातच लिहा. मसुदा हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आणि मेकअप दुसरीकडे करा हो.

रेवती_डोंबिवली

व्यनि केलाय.